शनवार तेली आणि आपली मेस

रविवारी संध्याकाळी मेस बंद असली की आपण सगळेच कुरकुरतो. मीही त्यातलाच. कॉन्व्हेंटमध्ये टेन कमांडमेंट्स घोकल्या होत्या; त्यातलं 'सातव्या दिवशी विश्रांती' एवढंच लक्षात राहिलं. परवा ज्यू धर्मग्रंथातली ती आज्ञा पूर्ण वाचली आणि चमकलोच. विश्रांती फक्त मालकाला नाही. नोकर, दासी, परका माणूस, बैल, गाढव, सगळ्यांना!

आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यू तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'. घाणा बंद म्हणजे बैलालाही सुट्टीच की! शुक्रवारी सूर्य मावळला की काम थांबायचं, संपलेलं असो वा नसो.

आपण मात्र म्हणतो, 'सबमिशन संपलं की आराम.' मित्रांनो, सबमिशन कधी संपतं का? थांबायला शिकावंच लागतं आणि दुसऱ्यालाही थांबू द्यावं लागतं. आठवडाभर पहाटे उठून आपल्यासाठी पोहे करणाऱ्या मावशींची एक संध्याकाळ आपण मॅगीवर काढू शकत नाही? मी तरी आता कुरकुरणं बंद केलंय. बघा, पटतंय का!