अर्थ सांगा, मग सही मागा!

ज्या शब्दाचा अर्थ ठाऊक नाही तो शब्द निबंधात लिहू नये, असे मी गेली वीस वर्षे वर्गातल्या मुलांना सांगत आलो आहे. एखाद्या पोराने कुठूनतरी उचललेला भारदस्त शब्द वहीत घातला, की मी त्याखाली तांबडी रेघ ओढतो आणि विचारतो, "बाळ, याचा अर्थ काय?" पोरगा खाली मान घालतो. गेल्या वर्षी तशीच मान खाली घालण्याची पाळी माझ्यावर आली. माझी तिसरी कादंबरी मी पदरच्या पैशाने काढायला निघालो आणि अकरा पानांच्या एका इंग्रजी करारनाम्यावर सही करून बसलो. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. करारातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ मला ठाऊक नव्हता. सही मात्र झोकदार केली!

फजिती माझ्या एकट्याची असती तर ती मी मुकाट्याने गिळली असती. पण आज घरोघर पुस्तके तयार होत आहेत. निवृत्त आजोबांचे आत्मचरित्र, मावशीच्या कविता, आईची पाककृतींची वही. त्यांच्या दारात 'स्वतःचे पुस्तक स्वतः काढा' म्हणणारी मंडळी उभी आहेत. म्हणून हे जाहीरपणे लिहितो. या नव्या धंद्यातले शब्द अवघड आहेत म्हणून लेखक फसत नाही. ते अर्थ न सांगता त्याच्यापुढे सहीला ठेवले जातात, म्हणून तो फसतो.

शब्द इंग्रजी आहेत, ही माझी तक्रार नव्हे. फर्मा, प्रूफ, गॅली, ब्लॉक हे शब्द तरी कुठे ज्ञानदेवांच्या काळचे होते? पण ते आले ते वस्तूला बिलगून आले. जुना लेखक छापखान्यात जाई, जुळारी त्याला खिळ्यांची ओळ दाखवी, सोळा पानांचा फर्मा हातात देई. शब्द परका असला तरी अर्थ डोळ्यांपुढे असे. आता छापखाना दिसत नाही, माणूस दिसत नाही. टेलिफोनवर गोड आवाज ऐकू येतो आणि मागून 'पॅकेज' येते. माझे पॅकेज अडतीस हजारांचे होते आणि त्याचे नाव होते 'सुवर्ण'.

पहिला शब्द 'प्रकाशक'. पैसे माझे, जोखीम माझी. परंतु पुस्तकावर प्रकाशक म्हणून नाव त्या कंपनीचे. यात काय बिघडले, असे कोणी म्हणेल. सांगतो. पुस्तकाला आय.एस.बी.एन. नावाचा तेरा आकडी क्रमांक असतो. त्यातल्या काही आकड्यांवरून प्रकाशक कोण हे कळते. हा क्रमांक आपल्या देशात राजा राममोहन रॉय यांच्या नावाने चालणारी सरकारी संस्था देते आणि फुकट देते. लेखकाने स्वतः अर्ज केला तर त्यालाही देते. मला तो दीड हजार रुपयांना विकण्यात आला आणि वर तो माझ्या नावाचा नव्हेच! बरे, प्रकाशक म्हणवायचे तर प्रकाशकाची कर्तव्येही आली. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने तीस दिवसांच्या आत पुस्तकाची प्रत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची असते. मी विचारले, तेव्हा उत्तर आले की हे काम 'सुवर्ण'मध्ये बसत नाही.

दुसरा शब्द 'शंभर टक्के रॉयल्टी'. हा ऐकून माझी पत्नीसुद्धा खूष झाली होती. शंभर टक्के, पण कशाचे? माझ्या पुस्तकाची किंमत अडीचशे रुपये. त्यातले शंभर विक्रेत्याचे, एकशेबारा छपाईचे. उरले अडतीस. त्या अडतीसचे शंभर टक्के म्हणजे अडतीसच! वर्षात एक्केचाळीस प्रती खपल्या आणि माझ्या हाती एक हजार पाचशे अठ्ठावन्न रुपये आले. माझ्या जुन्या प्रकाशकाचा एकपानी मराठी करार छापील किमतीवर दहा टक्के देत असे. 'दहा टक्के' ऐकायला दरिद्री; पण ते कशावर, हे तिथे लिहिलेले असे.

'जगभर वितरण' हा आणखी एक दागिना. मला वाटले, लंडनच्या दुकानात माझी कादंबरी फळीवर उभी राहणार. त्याचा खरा अर्थ एवढाच की दुकानांच्या यादीत तिचे नाव आहे. कोणी मागणी केली तर प्रत छापली जाईल. नाही केली तर एकही नाही. मागणीनुसार छपाई ही सोय वाईट नाही. घरात पेट्यांच्या राशी पडत नाहीत, हा तिचा मोठाच गुण आहे. पण तिला जगभर वितरण म्हणणे म्हणजे पत्रिकेत नाव छापले म्हणून लग्न झाले, असे म्हणणे होय.

कंपनी टाळून स्वतःच ॲमेझॉनच्या किंडलवर पुस्तक चढवणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवावेत. तिथे रॉयल्टी पस्तीस टक्के किंवा सत्तर टक्के. भारतातल्या विक्रीवर सत्तर हवे असेल तर 'सिलेक्ट' योजनेत जावे लागते. सिलेक्ट म्हणजे निवडक लेखकांचा मान, असे समजू नका. त्याचा अर्थ असा, की नव्वद दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही विकायचे नाही की फुकट वाटायचे नाही. आपण नको म्हटले नाही तर पुढचे नव्वद दिवस आपोआप सुरू होतात. त्या सत्तर टक्क्यांतून फाइलच्या वजनाप्रमाणे पोहोचवणावळही कापतात. चित्रे फार घातलीत, तर ती तुमच्याच खिशातून जातात. हे सर्व नियमांत लिहिलेले आहे, कोणी लपवलेले नाही. फक्त ते वाचायला अर्थ हवा.

आता सर्वांत जहरी शब्द: 'असाइनमेंट'. आम्हा मास्तर लोकांना असाइनमेंट म्हणजे गृहपाठ! मी त्या कलमावरून नजर फिरवली आणि पुढे गेलो. करारात असाइनमेंट म्हणजे हक्क देऊन टाकणे. लायसन्स म्हणजे वापरायला देणे. घर विकणे आणि घर भाड्याने देणे यांत जेवढे अंतर, तेवढेच यांत. मी ई-पुस्तकाचे आणि ध्वनिपुस्तकाचे हक्क दहा वर्षांसाठी देऊन बसलो आहे. आमच्या गावातला एक हौशी नट ती कादंबरी वाचून ध्वनिमुद्रित करायला तयार होता. एक पैसा मागत नव्हता. त्याला मला 'नाही' म्हणावे लागले. माझीच कादंबरी, माझ्याच गावातली माणसे तिच्यात, आणि ती मोठ्याने वाचायची परवानगी मला नाही!

कायदा लेखकाच्या बाजूचा आहे, हे मला मागाहून कळले. १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो की हक्क देण्याचा करार लेखी हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरावी. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरावा. २०१२ च्या दुरुस्तीने असेही सांगितले, की करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हते, त्याचे हक्क करारात स्पष्ट लिहिल्याशिवाय जात नाहीत. पण माझ्या करारात मुदत, प्रदेश सारे स्वच्छ लिहिलेले होते, आणि खाली माझी सही होती. न वाचता केलेल्या सहीवर कायद्याकडे औषध थोडेच असणार?

फाइलचीही तीच कथा. मी जुन्या फाँटात टंकलेली संहिता दिली. ती युनिकोडमध्ये बदलताना कोणी तपासली नाही आणि 'वाऱ्याने' होते तिथे सगळीकडे 'वार्याने' झाले. दुरुस्तीसाठी फाइल मागितली, तर फाइल कंपनीची मालमत्ता असल्याचे उत्तर आले. तेही करारात होते म्हणे!

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, "मास्तर, वाचून सही करायची होती." कबूल! नाव छापलेले पाहण्याच्या हावेने मी आंधळा झालो होतो. हा दोष माझा आहे आणि तो मी झाकत नाही. पण ज्या गिऱ्हाइकाशी टेलिफोनवर तासभर गोड मराठीत बोलता, ज्याचे पुस्तक मराठीत छापता, त्याचा करार तेवढा इंग्रजीत का? विकताना मराठी आणि बांधताना इंग्रजी, हा कुठला न्याय? दुसरा आक्षेप, "मराठीत हे शब्दच नाहीत." भले! मी वर ते सांगितले, त्यात कोणता शब्द आजोबांना समजणार नाही? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषा म्हणून मान्यता दिली. आपण पेढे वाटले. अभिजात भाषेत भाडेपट्ट्याचा अर्थ सांगता येऊ नये काय?

माझी मागणी साधी आहे. मराठी लेखकाशी होणारा करार मराठीत असावा. इंग्रजी प्रत हवी तर सोबत जोडावी. साहित्यसंस्थांनी दोन पानांचा नमुना करार आणि या शब्दांचा अर्थकोश छापून लेखकांना वाटावा. त्याला परिसंवाद नको, समिती नको. एक वकील, एक प्रकाशक आणि एक फसलेला लेखक पुरे. तिसऱ्या जागेसाठी मी तयार आहे.

आणि वाचकहो, ही दिवाळी संपण्याआधी तुमच्या घरात कोणाची वही पुस्तक व्हायला निघाली असेल, तर सहीपूर्वी चार प्रश्न विचारा. क्रमांक कोणाच्या नावावर? हक्क विकत की भाड्याने, आणि किती वर्षे? रॉयल्टी कशावर? फाइल कोणाकडे राहणार? चारही उत्तरे मराठीत, लेखी मागा. समोरचा माणूस देऊ लागला तर खुशाल पुढे जा. पुस्तक काढण्यासारखा आनंद नाही. तो घुटमळला, तर वही पुन्हा कपाटात ठेवा. माझ्या चौथ्या कादंबरीची वही सध्या तिथेच आहे.