उन्हाला पुरून उरणारी वाईन

वाशिम, कारंजा किंवा रिसोडमध्ये कुणी गोड वाईन मागितली, तर दुकानदाराचा हात बहुधा गोव्याच्या पोर्टकडेच जातो. गोव्यावर 1961 पर्यंत पोर्तुगीज अंमल होता, तेव्हा हे नाव तिथे रुजले यात नवल नाही. मूळ पोर्ट मात्र पोर्तुगालच्या दोउरो खोऱ्यातली. त्या प्रदेशाच्या सीमा 1756 मध्येच आखून दिल्या गेल्या. तिथे द्राक्षाचा रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचेच कडक मद्य ओततात. आंबवण थांबते, साखर शिल्लक राहते आणि मद्यार्क 19 ते 22 टक्क्यांवर जातो. फोर्टिफाइड वाईन म्हणतात ती हीच. वऱ्हाडी घरांना द्राक्षासव परका नाही, पण त्यातला मद्यार्क आंबवणीतच तयार होतो, वरून घातला जात नाही.

पोर्टवरच थांबायचे कारण काय? एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर जाणाऱ्या जिल्ह्यात वाईन घेताना पहिला प्रश्न चवीचा नसतो, टिकण्याचा असतो. साधी रेड उघडून ठेवली तर दोन-तीन दिवसांत तिचा जीव जातो. बंद बाटलीही तापलेल्या खोलीत बिघडते.

या उन्हाची सवय असलेली एक वाईन आहे: मदेरा. आफ्रिकेच्या किनाऱ्यापलीकडच्या एका पोर्तुगीज बेटावर ती बनते. हिंदुस्थानकडे निघालेली जहाजे तिथे थांबून पिंपे चढवत. उष्ण कटिबंधातून महिनोन्‌महिने हेलकावे खाऊन आलेली वाईन बिघडण्याऐवजी सुधारलेली निघे. मग बेटावरच्या लोकांनी ती उष्णता घरीच तयार केली. आजही स्वस्त मदेरा टाकीत 45 ते 50 अंशांवर किमान तीन महिने तापवतात, तर चांगलीची पिंपे उबदार माळ्यावर किमान दोन वर्षे मुरवतात. हवा आणि ऊन दोन्ही आधीच पचवल्यामुळे उघडलेली बाटली महिनोन्‌महिने टिकते. रोज घोटभर घेणाऱ्याला याहून सोयीचे काय?

उलट स्पेनची फिनो शेरी. कोरडी, तरतरीत, पण थंडगारच प्यावी आणि आठवडाभरात संपवावी. फ्रिजमध्ये जागा नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. लाकडी पिंपात मुरलेली टॉनी पोर्ट उघडल्यावर काही आठवडे तग धरते. व्हिंटेज पोर्ट मात्र दोन-तीन दिवसांतच संपवावी लागते, त्यामुळे पाहुणे जमले असतील तरच ती फोडण्यात अर्थ आहे.

अडचण मिळण्याची आहे. मोठ्या शहरांतल्या निवडक दुकानांतच मदेरा शोधावी लागते, आणि आयातशुल्कामुळे किंमतही जड. म्हणून घेताना लेबल नीट वाचावे. सर्सियाल सर्वांत कोरडी, मग वर्देल्यो, मग बुआल आणि सर्वांत गोड माल्मसी. द्राक्षाचे नावच नसेल तर ती बहुधा तिंता नेग्रा या द्राक्षाची असते. ती वाईट नाही, पण पहिल्या ओळखीसाठी नाव असलेली, दहा वर्षे मुरलेली बाटली बरी. खाऱ्या शेंगदाण्यांसोबत सर्सियाल, बासुंदीनंतर माल्मसी. ठेचा-भाकरीशी मात्र यांतल्या कुणाचेच जमत नाही. तिखटावर इतका मद्यार्क म्हणजे घशाला नुसती आग.