टाके सुकले, पण पोट सावरले का?

भगिनींनो, महिला मंडळाच्या बैठकीत एक तक्रार आम्हाला वारंवार ऐकू येते. मूल वर्षाचे झाले तरी कंबर धरते. खोकले की लघवीचा थेंब सुटतो. अंथरुणातून उठताना पोटाच्या मधोमध उंचवटा दिसतो. कारण विचारले की उत्तर ठरलेले, "सिझर झालं ना, पाठीत इंजेक्शन दिलं होतं, आता हे जन्माचंच!"

हे जन्माचे नाही. सुईच्या जागी दुखते ते काही दिवस. पुढे महिनोन्‌महिने कंबर दुखते, त्यामागे बहुधा सैल पडलेले पोट, ओटीपोट आणि पाठ यांचे स्नायू असतात. त्यांना पुन्हा बळ देता येते. आम्ही हिशेबाचे काम करणारे, डॉक्टर नव्हे; पण जाणकारांचे सांगणे साध्या भाषेत आपल्या घरात पोहोचावे, म्हणून हा लेख.

सिझर आता घरोघरी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात दर शंभर प्रसूतींत सुमारे २५ सिझेरियन होत्या. तरीही आपण तिला "बाळंतपण" म्हणतो आणि ते एक मोठे ऑपरेशन असते हे विसरतो. कातडी, चरबी, स्नायूंवरचे जाड आवरण आणि गर्भाशय असे थर कापून पुन्हा शिवावे लागतात. स्नायू बहुधा कापत नाहीत, मधोमध बाजूला सारतात. पण नऊ महिने ताणून ते आधीच सैल झालेले असतात. वरचे टाके आठ-दहा दिवसांत सुकतात, आतले थर मजबूत व्हायला मात्र कित्येक आठवडे लागतात.

येथेच दोन टोकाच्या चुका होतात. एका घरी बाळंतीण दहाव्या दिवशी नळावर. दुसऱ्या घरी सव्वा महिना पोट आवळून नुसती झोपून. पट्ट्याने दुखणे कमी वाटते, आधार मिळतो हे खरे. पण स्नायूंचे काम पट्टा करीत नाही. आणि फार झोपून राहिल्यास पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते.

मग काय करावे? डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून आधार घेऊन थोडे चालावे. पडल्या पडल्या पावले वरखाली हलवावीत. खोकला, शिंक किंवा हसू आले तर टाक्यांवर उशी दाबून धरावी. उठताना सरळ उठू नये. कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन उठावे. आपल्याकडे पुष्कळ घरांत कॉट नसते, खाली गादीवर झोपणे असते. तेव्हा कुशीवरून हात-गुडघ्यांवर यावे आणि स्टूल धरून उभे राहावे.

दुखणे उतरू लागले की दोन सोपे व्यायाम. पहिला: पाठीवर पडून गुडघे वाकवावेत, हळू श्वास सोडत बेंबीखालचे पोट अलगद आत ओढावे, पाच अंक मोजावेत, सोडावे. श्वास कोंडू नये. दुसरा: लघवी आवरून धरतो तसे खालचे स्नायू आवळून धरावेत व सोडावेत, हा व्यायाम लघवी करताना मात्र करू नये. दोन्ही दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा. बाळाला पाजून झाले की करावेत, म्हणजे विसरत नाहीत.

सहा आठवड्यांनी तपासणीला जाणे चुकवू नये. डॉक्टर हो म्हणाले तर पाठीवर पडून कंबर उचलणे, एकेक टाच सरकवत पाय लांब करणे असे व्यायाम वाढवावेत. पाठीवर पडून झटक्याने उठून बसण्याचे व्यायाम निदान तीन महिने नकोत. पडून डोके किंचित उचलले असता बेंबीजवळच्या फटीत दोनपेक्षा जास्त बोटे मावत असतील किंवा उंचवटा येत असेल, तर फिजिओथेरपिस्टकडे पाठवा असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

ताप, टाक्यांतून पू, दुर्गंधीचा स्राव, तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, एका पोटरीला सूज, धाप किंवा भयंकर डोकेदुखी यांपैकी काहीही झाले तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठावा. बाळंतिणीचे पाणी तोडू नये. पाणी आणि पालेभाजी कमी पडली की शौचाला कुंथावे लागते व टाक्यांवर ताण येतो. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या प्रसूतीनंतर सहा महिने घ्यायच्या असतात. त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

आता घरातील मंडळींसाठी दोन शब्द. पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचे नाही, असे डॉक्टर सांगतात. नवे बाळ साधारण तीन किलोचे. पंधरा लिटरची भरलेली कळशी पंधरा किलोंच्या वर! तुर्भे, दिघ्याच्या चढावरच्या वस्त्यांत ही कळशी कोण उचलणार, याचा निर्णय प्रसूतीआधीच घरात व्हावा. नवऱ्याने पाणी भरले, दिराने सिलेंडर हलवला, सासूबाईंनी "आम्ही आठव्या दिवशी कामाला लागलो होतो" हे वाक्य मागे ठेवले, तर निम्मे औषध झाले.

बाळंतिणीची विश्रांती हे लाड नव्हेत. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी आईची विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब म्हणून मांडली होती. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने पात्र नोकरदार स्त्रीची पगारी रजा पहिल्या दोन अपत्यांपर्यंत २६ आठवडे झाली. कंपनीत कामाला असलेल्या भगिनींनी ती लेखी अर्ज देऊन मागावी, अर्जाची पोच घ्यावी. पण धुणीभांडी करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बहिणीला अशी रजा कोण देणार? तिची रजा तिच्या घरच्यांनीच मंजूर करायची असते.

सिझर झालेली बाई आपल्या घरात असेल, तर आज संध्याकाळचे पाणी तुम्ही भरा.