डब्यावरचा पिवळा डाग काय सांगतो?

प्लास्टिकच्या डब्यात एकदा गरम रस्साभाजी ठेवली, की त्याला पिवळा डाग पडतो. कितीही घासले तरी तो हटत नाही. तीच भाजी स्टीलच्या डब्यात ठेवली, तर एका धुण्यात डबा लख्ख होतो. ही गोष्ट घरोघरी इतकी परिचयाची आहे, की तिचे कारण विचारावे असे सहसा कोणाला वाटत नाही. ते विचारले, तर कोणता डबा कशासाठी वापरावा या प्रश्नाचे निम्मे उत्तर हाती येते.

प्लास्टिक हे बहुवारिक आहे. हजारो लहान रेणू एकमेकांना जोडून झालेल्या लांबच लांब साखळ्यांचा तो गुंता असतो. शेवयांची जुडी डोळ्यांपुढे आणा. शेवयांमध्ये जशी मोकळी जागा असते, तशीच या साखळ्यांमध्येही असते. हळदीतील कुर्क्युमिन हे रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात मात्र विरघळते. डब्यांसाठी वापरले जाणारे पॉलिप्रॉपिलीनही पाण्याला दूर ठेवते आणि तेलाशी सलगी करते. त्यामुळे तेलाबरोबर आलेले कुर्क्युमिन साखळ्यांमधल्या जागेत शिरते आणि तेथेच बसते. या क्रियेला विसरण म्हणतात. स्टीलमध्ये वा काचेत अशी वाट नसते, म्हणून डागही नसतो.

आता पुढचा विचार करा. आत जाण्याची वाट असेल, तर बाहेर येण्याचीही असणार. प्लास्टिक तयार करताना त्यात रंग, मऊपणा आणणारी द्रव्ये, उष्णतेपासून बचाव करणारी द्रव्ये मिसळतात. काही न जोडले गेलेले रेणूही मागे राहतात. यांतील पुष्कळसे पदार्थ साखळ्यांना पक्क्या रासायनिक बंधांनी बांधलेले नसतात. अन्नाच्या सान्निध्यात ते थोड्या प्रमाणात बाहेर येऊ शकतात. हे कायद्यालाही ठाऊक आहे. आपल्या देशाच्या २०१८ च्या अन्न वेष्टन नियमांनुसार प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या एकूण पदार्थांची मर्यादा दर किलोग्रॅम अन्नामागे ६० मिलिग्रॅम आहे. पण डाग पडला म्हणजे विष उतरले, असे मात्र नव्हे. वाट आहे, एवढेच डाग सांगतो. त्या वाटेने काय आले व ते किती घातक, हे त्यावरून कळत नाही.

या वाटेवरची रहदारी वाढवणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे उष्णता. तापमान वाढले की रेणूंची गतिज ऊर्जा वाढते, साखळ्या अधिक वळवळू लागतात आणि विसरणाचा वेग झपाट्याने वाढतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०२० साली पॉलिप्रॉपिलीनच्या दुधाच्या बाटल्यांवर प्रयोग केले. २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ६ लाख सूक्ष्म प्लास्टिक कण मिळाले. ९५ अंशांच्या पाण्यात सुमारे ५ कोटी ५० लाख. पदार्थ तोच, फरक फक्त तापमानाचा, आणि वाढ नव्वदपटीहून अधिक! या कणांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, यावर अद्याप संशोधन चालू आहे. पण ते टाळणे आपल्या हाती असताना उत्तराची वाट कशाला पाहायची?

बिस्फेनॉल-ए या द्रव्याची कथाही बोधप्रद आहे. ते स्त्री-संप्रेरकासारखे वागते, हे १९३६ साली प्रसिद्ध झाले होते. तरी पुढे पॉलिकार्बोनेट हे कडक, पारदर्शक प्लास्टिक त्यापासूनच बनू लागले. युरोपीय संघाने बाळांच्या बाटल्यांत त्यावर २०११ साली बंदी घातली. २०२३ मध्ये तेथील अन्नसुरक्षा संस्थेने त्याची रोजची सुरक्षित मर्यादा पूर्वीच्या वीस हजाराव्या भागावर आणली. या आकड्यावर सर्व तज्ज्ञांचे एकमत नाही. तरीही अन्नाशी संबंध येणाऱ्या वस्तूंत ते वापरण्यावर २०२४ च्या अखेरीस तेथे बंदीचा निर्णय झालाच. शाळेचे साधे डबे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात व त्यात बिस्फेनॉल-ए नसते, हेही सांगायला हवे. पण ‘हे द्रव्य आमच्या डब्यात नाही’ अशी जाहिरात वाचून हुरळून जाऊ नये. काही ठिकाणी त्याच्या जागी बिस्फेनॉल-एस हे त्याचेच भावंड आले, आणि तेही संप्रेरकासारखे वागते असे दिसून आले.

या विषयावर दोन टोकाची मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, घरातले सगळे प्लास्टिक आजच्या आज फेकून द्या. कोणी म्हणतो, इतकी वर्षे वापरतो आहोत, काय झाले? माझ्या मते दोन्ही मते चुकीची आहेत. पहिले मत गरीब घराला परवडणारे नाही, आणि फेकलेले प्लास्टिक शेवटी कचऱ्यातच जाते. दुसरे मत आळशी आहे. हळूहळू होणारा परिणाम चटकन दिसत नाही म्हणून तो नसतो असे नाही. विज्ञान शिकणाऱ्याने मधला पण नेमका मार्ग धरावा. उष्ण, तेलकट आणि आंबट, या तीन तऱ्हेचे अन्न प्लास्टिकात ठेवू नये. बदल येथून सुरू करावा.

डाळ, तांदूळ, पोहे असे कोरडे जिन्नस खाद्यपदार्थांसाठीच बनवलेल्या प्लास्टिकच्या बरणीत राहिले, तर घाई नाही. मात्र रंगाच्या रिकाम्या बादलीत धान्य भरणे थांबवलेच पाहिजे. ती अन्नासाठी बनवलेलीच नसते. गरम भाजी, आमटी यांना स्टीलचा डबा उत्तम. स्टेनलेस स्टीलमधील क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर बसतो व तो धातूचे रक्षण करतो. ओरखडा पडला तरी हा थर पुन्हा तयार होतो. पण मीठ आणि आंबटपणा दीर्घकाळ एकत्र राहिले, तर स्टीललाही बारीक खड्डे पडू शकतात. म्हणून लोणच्याला काचेची बरणी बरी. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई नसेल, तर त्यांत ताक, चिंच, कोकम घालू नये, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते.

लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील उत्तम, हा समज बरोबर नाही. निकेल कमी व मँगनीज अधिक असलेले स्वस्त स्टीलही चुंबकाला दाद देत नाही. काचेचेही तोटे आहेत. तिची घनता सुमारे २.५, पॉलिप्रॉपिलीनची ०.९, शिवाय ती फुटते. तेव्हा काच घरात ठेवावी आणि दप्तरात स्टील. स्टीलच्या डब्याला प्लास्टिकचे झाकण असले, तरी गरम अन्न त्याला टेकत नसेल तर फारसे बिघडत नाही.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. शाळेत डब्यांबद्दल नियम करायचा असेल, तर मुलांना धाक घालून करू नका. ज्या घरात नवा डबा घेणे कठीण आहे, त्या मुलाला सर्वांसमोर लाजवू नका. अन्न निवल्यावर डबा भरला, तरी निम्मे काम होते, हे त्याला समजावून सांगा. त्याऐवजी वर्गात एक प्रयोग करा.

प्लास्टिकच्या दोन सारख्या डब्या, एक स्टीलची वाटी आणि एक छोटी काचेची बरणी घ्या. चार चमचे तेलात अर्धा चमचा हळद कालवून चार सारखे भाग करा. एका प्लास्टिकच्या डबीत गार तेल घाला. उरलेले तेल हाताला सोसेल इतपत गरम करून बाकी तिघांत घाला; ते निवू नये म्हणून ही तिन्ही भांडी कोमट पाण्यात ठेवा. तासाभराने सर्व सारख्याच साबणाने धुवा आणि डागांची तुलना करा. दुसऱ्या आठवड्यात वेळ बदलून पाहा. निष्कर्ष वहीत लिहा आणि ती वही घरी आईवडिलांना दाखवा. कोणता डबा आधी बदलायचा, हे मग घरात सर्वांनी मिळून ठरवावे.