ध्रुवाकडील बर्फ आणि आपण



गेल्या आठवड्यात बोरगावच्या एका संत्राबागायतदाराने आम्हांस पुसले, "फादर, दक्षिण ध्रुवाकडील बर्फ घटले असे वाचतो. आपल्या मुलखाला समुद्रच नाही. मग आपला त्याच्याशी संबंध काय?"

प्रश्न रास्त आहे. आपल्या कन्हानचे पाणी वैनगंगा, प्राणहिता व गोदावरी यांतून बंगालच्या उपसागरास मिळते. पण तेथे पाण्याचा प्रवास संपत नाही.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ध्रुवाकडे ते पाणी उणे १.८ अंशाच्या सुमारास गोठू लागते. मात्र बर्फ मिठाला थारा देत नाही. ज्यांच्या घरी फ्रीज आहे त्यांनी मिठाचे पाणी अर्धवट गोठवून वरचा पापुद्रा धुऊन चाखावा. तो उरलेल्या पाण्याहून कमी खारट लागेल. बर्फाने टाकलेल्या या मिठाने खालचे थंड पाणी जड होते, तळाशी जाते आणि तळातळाने उत्तरेकडे, थेट हिंदी महासागरातही, सरकते. खोल पाण्यातील जीवांना प्राणवायू पोहोचतो तो याच वाटेने. सर्व महासागरांचा हा फेरा पुरा होण्यास सुमारे हजार वर्षे लागतात.

डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम गोव्याहून निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. तेथे २०१२ साली आपले 'भारती' केंद्र सुरू झाले. त्याच्या पश्चिमेस केप डार्नलीपाशी वारा नवे बर्फ सतत दूर लोटतो आणि उघड्या पाण्यावर पुन्हा बर्फ धरते. तळाचे जड पाणी तयार होण्याच्या मोजक्या ठिकाणांपैकी हे एक होय.

सप्टेंबर २०२३ मध्ये अंटार्क्टिकाभोवतीचे हिवाळी बर्फ सुमारे १ कोटी ७० लाख चौरस किलोमीटरांवरच थांबले. १९७९ पासूनच्या उपग्रह-नोंदींत इतके थोडे हिवाळी बर्फ कधी आढळले नव्हते. शिवाय भूमीवरील हिम वितळून त्याचे गोडे पाणी समुद्रात मिसळते. पाणी पुरेसे जड झाले नाही, तर ते बुडणार कसे?

आज बुडालेले पाणी वर आलेले आपण कोणीच पाहणार नाही. परंतु विहीर अजून भरलेली दिसते म्हणून तिचा झरा बुजू द्यावा काय? आमच्या बागायतदार मित्रास याचे उत्तर आमच्याहून अधिक ठाऊक आहे.