तारीख ठरली, तरतूद राहिली

नफा देणारा व्यवसाय इतरांना अपायकारक आहे म्हणून बंद करावा का, हा प्रश्न व्यापारी कुटुंबांना नवा नाही. परंतु तो व्यवसाय साऱ्या शहराच्या मालकीचा असेल, तर निर्णय कोणी घ्यावा आणि त्याची किंमत कोणी मोजावी? जर्मनीतील म्युनिक शहराने याचे उत्तर मतपेटीतून दिले. त्यातील हिशेब वाचकांनी पाहण्याजोगा आहे.

म्युनिकला वीज, पाणी व वायू पुरवणारी ‘श्टाटवेर्के म्युन्शेन’ ही कंपनी संपूर्णपणे शहराच्या मालकीची आहे. भुयारी रेल्वे आणि सार्वजनिक जलतरण तलाव हेही तिच्याच कारभारात येतात. अशा सेवा सहसा स्वतःचा खर्च भागवू शकत नाहीत. ऊर्जाविक्रीच्या उत्पन्नाचा त्यांना आधार असतो. शहरालगत उंटरफोरिंग येथे या कंपनीचे औष्णिक केंद्र आहे. त्यातील दुसरा संच १९९१ पासून कोळशावर चालत होता. वीज निर्माण करताना उरणारी उष्णता वाया न घालवता, गरम पाण्याच्या रूपाने ती भूमिगत नळांतून घरोघरी पोहोचवली जाते. त्यामुळे तो संच बंद करणे म्हणजे विजेबरोबरच हिवाळ्यातील घरांच्या उबेचीही पर्यायी व्यवस्था करणे होते.

काही नागरिकांनी सह्या गोळा करून मागणी केली, की २०२२ च्या अखेरीपर्यंत हा संच बंद व्हावा. हवामानाची हानी करून मिळणारा नफा शहराला नको, ही त्यांची भूमिका. कंपनीचे म्हणणे असे, की चालू स्थितीतील संच मुदतीपूर्वी बंद केल्यास मोठा तोटा होईल आणि तेवढी उष्णता दुसरीकडून आणणे सोपे नाही. दोन्ही बाजूंत तथ्य होते.

५ नोव्हेंबर २०१७ रोजी मतदान झाले. ६०.२ टक्के मते बंद करण्याच्या बाजूने पडली. मात्र मतदानच १७.८ टक्के झाले. म्हणजे दर शंभर मतदारांपैकी सुमारे अकरा जणांनी हा निर्णय घेतला. कायद्याने आवश्यक असलेली दहा टक्क्यांची अट त्यातून जेमतेम पूर्ण झाली.

पुढे काय झाले? बव्हेरिया राज्यात अशा सार्वमताचे कायदेशीर बंधन एकच वर्ष असते. शिवाय वीजजाळ्याच्या सुरक्षिततेसाठी एखादा संच आवश्यक ठरला, तर तो बंद करण्याचा अंतिम अधिकार शहराकडे राहत नाही. त्यातच २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि रशियन वायूचा पुरवठा आटला. ठरलेली तारीख उलटून गेली, तरी कोळसा जळतच राहिला. कालांतराने त्याची जागा नैसर्गिक वायूने घेतली. पण तोही कर्बयुक्त इंधनच. खरा पर्याय म्युनिकच्या पायाखाली आहे. दोन-तीन हजार मीटर खोलीवरील खडकांत गरम पाणी आहे आणि २००४ पासून रीम भागात ते घरे तापवण्यासाठी वापरले जाते. मात्र विहिरी खोदण्यास व नळ टाकण्यास भांडवल लागते आणि वर्षेही लागतात.

मतदान व्यर्थ गेले असे मी म्हणणार नाही. जनतेने तगादा लावल्याशिवाय असे विषय कार्यपत्रिकेवर येत नाहीत. परंतु ताळेबंद वाचण्याची सवय असलेल्या माणसाला एक उणीव जाणवते: मतपत्रिकेवर ‘केव्हा बंद करायचे’ होते, ‘त्याऐवजी काय, आणि पैसा कोठून’ हे नव्हते. ज्येष्ठांनी मुलांना जुना धंदा सोडायला सांगताना नव्या धंद्याचे भांडवल बाजूला काढले नाही, तर जुन्या दुकानाचे कुलूप पुन्हा उघडावे लागते. सार्वजनिक कंपनीला हाच नियम लागू पडतो. बंद करण्याच्या ठरावासोबत पर्यायाची वार्षिक तरतूद त्याच कागदावर मंजूर व्हावी आणि तिचा हिशेब दरवर्षी नागरिकांसमोर यावा.