‘रंगवलेला गुहा’ म्हणाल का?

अजिंठ्याला पहिल्या लेण्याबाहेर एक होतकरू गाइड माझ्यासमोर स्पॅनिशचा सराव करत होता. ‘लास कुएवास पिंतादो’ असं म्हणाला आणि पुढे निघाला. मी त्याला तिथेच अडवलं. कुएवास म्हणजे गुहा. शब्द स्त्रीलिंगी, अनेकवचनी. तेव्हा ‘पिंतादास’ हवं.

“मराठीत ‘रंगवलेला गुहा’ म्हणशील का रे?”

“नाही मॅडम. रंगवलेल्या.”

“मग इथे का घसरलास?”

“क्लासमध्ये पेंटेड असं लिहून दिलंय.”

मला संताप आला तो त्या पोरावर नाही. छत्रपती संभाजीनगरात बसून, मराठी पोरांना, इंग्रजीच्या नळीतून स्पॅनिश पाजणाऱ्यांवर आला. इंग्रजीतलं ‘पेंटेड’ कुणापुढे वाकत नाही. खांब असो, भिंत असो, शंभर गुहा असोत, ते तसंच. मराठी पोर मात्र बोलायला लागल्यापासून रंगवलेला खांब, रंगवलेली भिंत, रंगवलेलं छत, रंगवलेल्या गुहा असं न चुकता म्हणतं. स्पॅनिशला चारच शेवट लागतात: पिंतादो, पिंतादा, पिंतादोस, पिंतादास. जे पोराच्या जिभेवर आहे ते पुसून टाकायचं आणि मग तेच नियम म्हणून पाठ करायला लावायचं, याला मी शिकवणं म्हणत नाही. ही फी घेऊन केलेली हानी आहे.

दाराचं उदाहरण घ्या. ‘ला पुएर्ता एस्ता सेर्रादा’ म्हणजे दार लावलेलं आहे. ‘ला पुएर्ता फुए सेर्रादा’ म्हणजे दार लावण्यात आलं. पहिल्यात दाराची स्थिती, दुसऱ्यात कुणीतरी केलेली कृती. इंग्रजीत ‘द डोअर वॉज क्लोज्ड’ या एकाच वाक्यात दोन्ही अर्थ कोंबलेले असतात, म्हणून इंग्रजीतून शिकणारा ‘एस्तार’ (ज्याचं ‘एस्ता’) आणि ‘सेर’ (ज्याचं ‘फुए’) या दोन क्रियापदांत वर्षभर चाचपडतो. मराठीत ‘लावलेलं आहे’ आणि ‘लावण्यात आलं’ यांची गल्लत भडकल दरवाज्याजवळचा चहावालाही करणार नाही. हे पहिल्याच तासाला सांगायला काय हरकत आहे?

आता जिथे मराठी खरोखर आडवी येते ते सांगते, कारण तेही या वर्गांत कुणी सांगत नाही. ‘मी चिठ्ठी वाचली’ या कर्मणी प्रयोगात क्रियापद चिठ्ठीमागे जातं. त्या सवयीने विद्यार्थी ‘ए लेईदा ला कार्ता’ लिहितो. चूक आहे. ‘आबेर’ या सहायक क्रियापदासोबत (इथलं ‘ए’ त्याचंच) रूप गोठतं, ‘ए लेईदो’ असंच राहतं, मग चिठ्ठी एक असो की दहा. वहीवर लाल फुली पडते आणि विषय संपतो. अहो, त्या पोराची चूक शेकडो वर्षं जुनी स्पॅनिश आहे! मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये इथेही कर्माशी जुळणारी रूपं येत. ‘कांतार दे मिओ सिद’ या वीरकाव्यात ती सापडतात. पुढे ती जुळणी मोडली. आणि गोठलेलं रूप समजावायला परक्या भाषेची गरजच नाही, आपला भावे प्रयोग आहे. मी मुलाला बोलावलं, मुलीला बोलावलं, मुलींना बोलावलं. ‘बोलावलं’ हलतं का? ‘लेईदो’ तसंच. वर्गात एवढं सांगितलं की फुल्या थांबतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मराठी आणि स्पॅनिशचं नातं याहून खोल आहे. संस्कृतातलं मृत आणि स्पॅनिशमधलं मुएर्तो, युक्त आणि हुंतो, दत्त आणि दादो: एकाच प्राचीन घराण्यातली धातुसाधितं, एक शाखा लॅटिनमधून गेली, दुसरी प्राकृतातून आपल्याकडे आली. ‘गत’ला ल लागून ‘गेला’ झालं. म्हणजे आपला भूतकाळ मुळात विशेषणच आहे. म्हणून तर तो गेला, ती गेली, ते गेलं. आणि ‘एचो’, ‘रोतो’, ‘पुएस्तो’ ही अनियमित रूपं पाहून घाबरणाऱ्या पोरांना कुणीतरी विचारा, करणे-केला, घेणे-घेतला, सांगणे-सांगितला हे कुठल्या तक्त्यावरून पाठ केलंत?

शाळाही तितक्याच दोषी आहेत. मोरो केशव दामल्यांनी 1911 मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहून ठेवलं. आपण त्यातलं धातुसाधित आणि प्रयोग दोन गुणांच्या प्रश्नापुरते उरवले. प्रयोग ओळखा, पुढे चला. दहावीनंतर पोराला कर्मणी-भावे हे शब्द लाजिरवाणे वाटतात. तो स्वतःच्या भाषेचं व्याकरण टाकून देतो आणि मग दुसऱ्याचं विकत घेतो.

पुढच्या रविवारी माझ्या वर्गातल्या पोरांना घेऊन मी वेरूळला जाणार आहे, सोळाव्या लेण्यात. कैलासासमोर आधी मराठीत बोलायचं आहे: हे मंदिर बांधलेलं नाही, खडकात वरून खाली कोरलेलं आहे. मग लगेच स्पॅनिशमध्ये: ‘एल तेम्प्लो नो एस्ता कोन्स्त्रुइदो, एस्ता तायादो एन ला रोका.’ इंग्रजी वही घरी ठेवून यायला सांगितलं आहे.